ताक कळकलं, दूध कळकलं नाही

मुंबईतल्या माहुलच्या माणसाला विषाबद्दल वेगळं सांगावं लागत नाही. एका अंगाला तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या टाक्या आणि धुराडी, दुसऱ्या अंगाला खाडी. इथल्या आणि शेजारच्या आंबापाड्याच्या हवेची २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादालाही दखल घ्यावी लागली. त्रास नाकाला जाणवतो आणि कुठून येतो ते बोट करून दाखवता येतं. मराठी घरांनी मात्र पिढ्यान्‌पिढ्या एक असं विष सोसलं, ज्याला वास नव्हता आणि चवही नव्हती. ते चिंचेनं घासून फळीवर लखलखीत मांडून ठेवलेल्या भांड्यांतून येत होतं. त्याचा छडा पुण्याच्या एका रुग्णालयातल्या डॉक्टरांनी लावला, आणि तोही बहुतांशी आयांना साधे प्रश्न विचारून.

आज साठी-सत्तरीत असलेल्या कुणालाही विचारा. ‘अमक्यांच्या बाळाला लिव्हर झालं’ हे वाक्य त्यांनी लहानपणी ऐकलेलं असतं. लिव्हर सगळ्यांनाच असतं, पण ‘लिव्हर झालं’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा यायचा. चांगलं गुटगुटीत, वर्ष-दीड वर्षाचं मूल किरकिर करू लागायचं. अंगात बारीक ताप राहायचा. खाणं कमी व्हायचं, पोट मात्र फुगत जायचं. उजव्या बरगडीखाली हात ठेवला की यकृत दगडासारखं घट्ट लागायचं आणि त्याची कडा पानाच्या धारेसारखी पातळ जाणवायची. जुन्या बालरोगतज्ज्ञांना ती कडा बोटांना लागताच निदान कळे, आणि पुढचंही कळे. डोळे पिवळे व्हायचे, पोटात पाणी भरायचं, आणि काही महिन्यांत मूल जायचं. कित्येक घरांत एकामागून एक दोन-दोन, तीन-तीन भावंडं अशी गेली.

या आजाराची पहिली नोंद १८८७ सालची, कलकत्त्याच्या डॉ. सेन यांची. पुढे त्याला नाव मिळालं ‘इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस’, म्हणजे भारतीय बालकांमधला यकृताचा कठीणपणा. नावातच देश चिकटला, कारण परदेशातल्या पुस्तकांत हा आजार जवळपास नव्हताच. परदेशात वाढणाऱ्या भारतीय मुलांतही तो क्वचितच आढळे. त्यावरचं मद्रासच्या जम्मींचं ‘लिव्हर क्युअर’ हे औषध मुंबई-पुण्याच्या घरांत सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी देवाला नवस बोले, कुणी मूल घेऊन या गावाहून त्या गावाला धावे.

डॉक्टरही कमी धावले नाहीत. कुणी विषाणूवर बोट ठेवलं, कुणी कुपोषणावर. म्हैसूरच्या संशोधकांनी बुरशी लागलेल्या शेंगदाण्यातल्या अफ्लाटॉक्सिनचा संशय घेतला. एकाच घरात अनेक मुलं जात, म्हणून काहींना तो आनुवंशिक वाटला. प्रत्येक तर्कात थोडं तथ्य दिसे, पण कुठलाही तर्क सगळ्या मुलांना लागू पडत नसे. विशेष कोडं होतं ते घरांचं. अगदी हातावर पोट असलेल्या घरांपेक्षा खेड्यातल्या मध्यम स्थितीतल्या, खाऊन-पिऊन सुखी घरांत हा आजार जास्त दिसे. कुपोषणाचा आजार असता तर चित्र उलटं दिसायला हवं होतं.

पुण्याच्या रास्ता पेठेत केईएम हॉस्पिटल आहे. हे परळचं केईएम नव्हे, नाव तेच असल्यामुळे मुंबईकरांची गल्लत होते. डॉ. बानू कोयाजी यांनी वाढवलेलं हे रुग्णालय, आणि त्यांच्यामुळेच त्याचं नातं आसपासच्या खेड्यांशी घट्ट होतं. या रुग्णालयाच्या बालरोग विभागात डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे काम करत. लिव्हर झालेली मुलं जिल्ह्याच्या कानाकोपऱ्यातून त्यांच्याकडे येत. इंग्लंडमधले बालयकृतरोगांचे अभ्यासक डॉ. स्टुअर्ट टॅनर त्यांच्याशी जोडले गेले. हे टॅनर पुढे शेफिल्ड विद्यापीठात बालरोगशास्त्राचे प्राध्यापक झाले. या तिघांची साथ अनेक वर्षं टिकली, आणि या कामाचं निम्मं श्रेय त्या टिकण्याला द्यायला हवं.

पहिला धागा सापडला तो सूक्ष्मदर्शकाखाली. यकृताच्या सुईएवढ्या तुकड्याला ऑर्सीन नावाचा रंग दिला की तांबं साठलेल्या पेशींत गडद तपकिरी कण उमटतात. या मुलांच्या यकृतात असे कण गच्च भरलेले दिसले. १९७९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात या विषयावर दोन स्वतंत्र लेख आले. एक न्यूयॉर्कचे हान्स पॉपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, त्यांत दिल्लीचे डॉ. एन. सी. नायक होते. दुसरा टॅनर, लंडनचे बर्नार्ड पोर्टमन आणि पुण्याचे पंडित यांच्या गटाचा. दोघांचं म्हणणं एकच: या मुलांच्या यकृतात तांबं अफाट आहे. निरोगी यकृत वाळवून वजन केलं तर एका ग्रॅममागे तांबं साधारण ५० मायक्रोग्रॅमच्या आत असतं. या मुलांत ते अनेकदा हजाराच्या वर जाई.

तांबं शरीराला हवंच असतं. रक्त बनण्यासाठी, मज्जातंतूंसाठी त्याचा कण कण लागतो. अन्नातलं तांबं लहान आतड्यातून शोषलं जातं आणि रक्तातून यकृतात येतं. यकृत लागेल तेवढं वापरतं आणि उरलेलं पित्तात मिसळून परत आतड्यात सोडतं, ते शौचावाटे बाहेर जातं. आतडं आणि यकृत यांच्यातली ही ये-जा मोठ्या माणसात बिनबोभाट चालते. तान्ह्या बाळाचं गणित वेगळं आहे. जन्मतः त्याच्या यकृतात तांब्याचा साठा मोठ्या माणसाच्या कितीतरी पट असतो, कारण आईच्या दुधात तांबं फार थोडं असतं आणि पहिले काही महिने त्या शिदोरीवर काढायचे असतात. त्यातच पित्तावाटे तांबं बाहेर टाकण्याची यंत्रणा अजून कच्ची असते. भरलेल्या कोठारात कुणी वरून पोती ओतू लागलं तर ती जाणार कुठे?

म्हणून पुढचा प्रश्न होता, पोती ओततंय कोण? यकृतात जन्मदोष असल्यामुळे तांबं साठतं, की तांबं बाहेरूनच जास्त येतं? विल्सन नावाच्या आजारात जन्मदोष असतो, ते ठाऊक होतं. पण विल्सनचा रोगी सहसा इतका लहान नसतो, आणि त्याच्या रक्तातल्या खुणाही इथे जुळत नव्हत्या.

इथे डॉक्टरांनी प्रयोगशाळेतून मान वर काढून स्वयंपाकघराकडे पाहिलं. बाळाला काय पाजलं, कधीपासून, कुणाचं दूध, ते कशात तापवलं, कशात ठेवलं, कशानं पाजलं, असं आईला बारकाईनं विचारलं. उत्तरं जुळू लागली. बाळ काही आठवड्यांचं किंवा थोड्या महिन्यांचं असतानाच वरचं दूध सुरू झालेलं. दूध गाईचं किंवा म्हशीचं, बहुधा घरच्याच जनावराचं. ते तापवायला आणि ठेवायला पितळेचं किंवा तांब्याचं भांडं. १९८३ साली या गटानं ‘लॅन्सेट’मध्येच मांडणी केली की, तान्हेपणी लवकर सुरू केलेलं, भांड्यातल्या तांब्यानं दूषित झालेलं वरचं दूध हे या आजाराचं कारण असावं. पुढे १९८७ मध्ये आजारी मुलांच्या जोडीला आजार नसलेली मुलं घेऊन दोन्हींच्या आहाराचा इतिहास ताडून पाहिला. फरक ढळढळीत होता.

मध्यम घरांचं कोडंही इथे सुटतं. ज्याच्या दारात म्हैस, त्याच्याकडे वरचं दूध मुबलक. ज्याच्याकडे चार पैसे, त्याच्या घरात पितळेची भांडी, लग्नात आलेली, आजीची, नावं कोरलेली. गरिबाच्या घरी मातीची मडकी नाहीतर जर्मलची हलकी भांडी, आणि बाळ दोन-दोन वर्षं अंगावर पिणारं. आईनं हौसेनं, ऐपतीनं, मायेनं जे केलं त्यातूनच तांबं आत गेलं. हे लिहिताना मन जड होतं. कुठल्याही आईची यात चूक नव्हती.

आता जरा भांड्याजवळ बसू. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचा मिश्र धातू, त्यात मोठा वाटा तांब्याचा. मराठी बाईला हे रसायनशास्त्र शिकवावं लागलं नाही. तिच्या भाषेत त्यासाठी स्वतंत्र क्रियापद आहे: कळकणं. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ताक, कढी किंवा आमटी राहिली तर ती कळकते. रंग हिरवट होतो, जिभेला तुरट-कडू लागतं, तोंड वेडंवाकडं होतं. कळकलेलं ताक घरातलं कुणी पीत नसे, गटारीत ओतलं जाई. म्हणून आंबट पदार्थ दगडी नाहीतर चिनी मातीच्या भांड्यात ठेवण्याचा रिवाज होता. उरलेल्या भांड्यांसाठी कल्हईवाला.

कल्हईवाल्याची हाक आली की आळीतल्या बायका भांडी घेऊन जमत. तो जमिनीत छोटा खड्डा करून कोळसे पेटवी, भाता चालू होई. भांडं लाल होईपर्यंत तापलं की आत नवसागराची पूड टाकी आणि पांढऱ्या धुराचा लोट उठे. मग कथलाची कांडी तापल्या तळाला टेकवायची, ती लोण्यासारखी वितळे. कापसाच्या बोळ्यानं दोन-चार फटकारे मारले की पिवळं भांडं आतून चांदीसारखं होई. पाण्यात बुडवताच चर्र आवाज. मुलं तो सोहळा तोंडाचा आ करून बघत. कथलाच्या त्या पातळ थरानं किती घरांतली मुलं वाचवली याची नोंद कुठल्याही दवाखान्यात नाही.

अडचण अशी की दूध कळकल्यासारखं दिसत नाही. ताकातलं तांबं जीभ लगेच पकडते, दुधातलं पकडत नाही. दुधातलं केसीन हे प्रथिन तांब्याला घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे चवीत फारसा फरक पडत नाही आणि भांड्यातून आणखी आणखी तांबं दुधात उतरत राहतं. टॅनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पितळेच्या भांड्यात दूध ठेवून हे मोजून दाखवलं. सकाळी तापवलेलं दूध कल्हई उडालेल्या पातेल्यात दिवसभर राहायचं, चुलीच्या उबेवर पुन्हा पुन्हा गरम व्हायचं, आणि दर खेपेला त्यातलंच थोडं पाणी घालून बाळाच्या वाटीत किंवा बोंडल्यात यायचं. आईच्या दुधात लिटरमागे अर्धा मिलिग्रॅमही तांबं नसतं. अशा दुधात ते त्याच्या कितीतरी पट होई. कित्येक घरांत दुधाला कल्हई लागत नाही असा समज होता, कारण दूध कधी कळकलेलं कुणी पाहिलंच नव्हतं. शतकानुशतकांच्या अनुभवानं ताकाला जपलं, आणि दुधाच्या बाबतीत तोच अनुभव फसला.

कारण सापडल्यावर उपाय दोन बाजूंनी सुरू झाले. आजारी मुलासाठी पेनिसिलामाईन हे औषध. ब्रिटिश डॉक्टर जॉन वॉल्श यांनी १९५६ मध्ये ते विल्सनच्या आजारात वापरून दाखवलं होतं. हे औषध तांब्याला धरतं आणि लघवीवाटे बाहेर काढतं. पुण्यात १९८० च्या दशकात त्याच्या चाचण्या झाल्या. कावीळ होऊन, पोटात पाणी भरून आलेल्या मुलांपैकी बहुतेकांना ते वाचवू शकलं नाही. मात्र त्याआधी आलेल्या मुलांत ते काम करू लागलं. ज्या आजाराचं नाव काढताच आशा सोडायची, त्या आजारातली मुलं शाळेत जाऊ लागली. डॉ. आशिष बावडेकर, भावे, पंडित आणि टॅनर यांनी १९९६ साली अशा दीर्घकाळ जगलेल्या मुलांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची होती. काही वर्षांनी औषध बंद केलं तरी आजार परतला नाही. विल्सनच्या रोग्याला उपचार जन्मभर चालू ठेवावे लागतात, कारण दोष आतला. इथे तांबं बाहेरून येणं थांबलं की यकृत स्वतःला सावरून घेत होतं. भांड्यावरच्या आरोपाला याहून बळकट साक्ष कोणती?

दुसरी बाजू प्रतिबंधाची. ज्यांचं एक मूल गेलं किंवा आजारी होतं, त्या घरांना सांगितलं गेलं: बाळाला अंगावर पाजा, आणि वरचं दूध द्यायचंच तर स्टीलच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात तापवा. खेड्यापाड्यांत हा निरोप पोचला. त्याच काळात बोहारणींच्या टोपलीतून आणि बाजारातून स्टील घरोघर शिरत होतं. जुनी पितळी भांडी मोडीत गेली, स्टीलची आली. पाहता पाहता पुणे जिल्ह्यातून हा आजार ओसरला, आणि पुढे देशभरातून जवळपास नाहीसा झाला. आजच्या तरुण बालरोगतज्ज्ञांपैकी अनेकांनी तो फक्त पुस्तकात वाचलेला आहे. प्रामाणिकपणे सांगायचं तर स्टील लोकांनी आरोग्यासाठी घेतलं नाही, स्वस्त-सोयीचं म्हणून घेतलं. पण पुण्याच्या अभ्यासाशिवाय मुलं का वाचली हे कुणालाच कळलं नसतं.

हा आजार ‘भारतीय’ नव्हता, हेही पुढे सिद्ध झालं. ऑस्ट्रियाच्या पश्चिमेकडे टिरोल हा डोंगराळ मुलूख आहे. तिथे १९०० ते १९७४ या काळात १३८ लहान मुलं अगदी अशाच यकृताच्या आजारानं गेली होती. १९९६ मध्ये संशोधकांनी जुन्या नोंदी तपासल्या तेव्हा कळलं की तिथल्या शेतकरी घरांत गाईचं दूध कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात उकळून बाळांना पाजत. भांडी बदलली, आजार गेला. पुण्याची गोष्ट आल्प्सच्या डोंगरात तशीच्या तशी.

तरी प्रकरण पुरतं मिटलं असं म्हणता येत नाही. तेच दूध पिऊन काही मुलं आजारी पडली आणि काही पडली नाहीत. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या तीन गावांत पिण्याच्या पाण्यात तांबं बरंच होतं, तिथे असे बालमृत्यू सापडले नाहीत. टिरोलमध्ये आणि भारतातही नात्यात लग्नं झालेल्या घरांत आजार जास्त होता. म्हणजे काही मुलांच्या जनुकांत तांबं न पेलण्याचा कमकुवतपणा असावा आणि भांड्यातलं दूध त्याला निमित्त होत असावं. तो जनुक हाती लागण्याआधीच आजार नाहीसा झाला, आणि मुलांच्या दृष्टीनं हेच उत्तम झालं.

पंडित-भावे यांच्या कामातून आणखी एक धडा घेण्यासारखा आहे, तो म्हणजे यकृताच्या आजारात घरातल्या साध्या गोष्टी विचारण्याचा. आज लहान मुलांच्या यकृताचे जे आजार रुग्णालयांत येतात त्यांत पित्तनलिका जन्मतः बंद असण्याचा आजार मोठा आहे. त्याचा पहिला सुगावा बाळाच्या दुपट्यावर लागतो. पित्त आतड्यात उतरत नाही म्हणून शी पिवळी न होता फिकट, चुन्यासारखी पांढरट होते. शस्त्रक्रिया पहिल्या दोन महिन्यांत झाली तर यश जास्त. कावीळ ‘उन्हात धरलं की जाईल’ म्हणून वाट बघण्यात हे आठवडे निघून जातात. दोन आठवड्यांनंतरही बाळाचे डोळे पिवळे असतील तर रक्त तपासायला हवं, आणि शीचा रंग डॉक्टरांना सांगायला हवा.

आता पितळ परत आलंय. मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीच्या दुकानांत काचेमागे पितळी पातेली, कढया, तांब्याच्या बाटल्या मांडलेल्या दिसतात. आजीच्या स्वयंपाकघराची ओढ त्यामागे आहे आणि ती खोटी नाही. तांब्याच्या घागरीतलं पाणी आपण पूर्वापार पीत आलो, आणि साधं पाणी दुधा-ताकाइतकं तांबं ओढून घेत नाही. पण भांडी परत आली तेव्हा कल्हईवाला परत आला नाही. त्या काळी प्रत्येक बाईला ठाऊक असलेली ‘कल्हई उडाली का’ ही शंका आज फ्लॅटमधल्या नव्या गृहिणीच्या डोक्यात येत नाही, कारण तिला ते कुणी सांगितलंच नाही. तांब्याच्या बाटलीत लिंबू-पाणी, पितळी कढईत चिंचेची आमटी, आणि हौसेनं घेतलेल्या नव्या पितळी पातेल्यात बाळाचं दूध हे प्रकार आता दिसू लागलेत.

म्हणून वाचकांना एवढंच सांगणं. पितळेचं भांडं घेताना आत हात फिरवून बघा आणि दुकानदाराला कल्हईचं स्पष्ट विचारा. कल्हई पातळ झाली, पिवळं दिसू लागलं, की ते भांडं पुन्हा कल्हई होईपर्यंत बाजूला ठेवा. तांब्याच्या बाटलीत पाण्याशिवाय काही भरू नका. आणि घरात तान्हं बाळ असेल तर त्याचं वरचं दूध तापवायला, ठेवायला आणि पाजायला स्टीलच वापरा, मग ते पितळी पातेलं आजीचं असो वा लग्नात आलेलं.